संमोहन आणि वेशीवरचा द्वारपाल



यंदाच्या वर्षावासातील अभ्यासवर्गात प्रश्नांच्या डब्यात एक चिठ्ठी निघाली. खाली नाव नव्हते. मजकूर असा होता: "मनातली भीती जावी म्हणून मी हिप्नोथेरपी घेतली तर चालेल का? त्यात माणूस शुद्धीवर राहत नाही म्हणतात. मग पाचव्या शीलाचा भंग होतो का?" चिठ्ठी वाचल्यावर दोन-चार जण हसले. मला हसू आले नाही. इंग्लंडमध्ये मानसिक आरोग्य विभागात परिचारिका म्हणून माझी बावीस वर्षे गेली. आपल्या माणसांना हा प्रश्न चिठ्ठीवर, नाव न घालता विचारावा लागतो, हे मला ठाऊक आहे. दुसरे कारण असे की दोन वर्षांपूर्वी आपल्याच एका ताईंनी मला हाच प्रश्न विचारला होता. पण पैसे भरून, सत्र घेऊन, रडत घरी आल्यानंतर. त्यांची हकीकत त्यांच्या परवानगीने पुढे सांगणार आहे. त्याआधी संमोहन म्हणजे काय ते पाहू.

आपल्यापैकी बहुतेकांनी संमोहन पाहिले ते नाट्यगृहात किंवा शाळेच्या सभागृहात. मंचावर बोलावलेला मुलगा कच्चा बटाटा सफरचंद समजून खातो आणि सगळे टाळ्या वाजवतात. त्यातून एक समज डोक्यात पक्का बसतो की संमोहन करणाऱ्याकडे काहीतरी शक्ती असते आणि आपण त्याच्या ताब्यात जातो. हा समज अडीचशे वर्षे जुना आहे. त्याची तपासणीही जवळजवळ तितकीच जुनी आहे.

अठराव्या शतकात फ्रांत्स मेस्मर नावाचे डॉक्टर पॅरिसमध्ये प्रसिद्धीला आले. सजीवांच्या शरीरातून एक अदृश्य चुंबकीय द्रव वाहतो आणि आपण तो फिरवून रोग बरे करतो, असा त्यांचा दावा होता. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए होते. त्यांच्या एका प्रयोगाची गोष्ट मला फार आवडते. बागेतल्या एका झाडात 'चुंबकत्व' भरले गेले. मग एका मुलाला डोळ्यांवर पट्टी बांधून भलत्याच झाडांजवळ नेले. मुलगा त्या साध्या झाडांजवळच गळाठून बेशुद्ध पडला. समितीने निष्कर्ष काढला की असा द्रव नाही. परिणाम घडतो तो कल्पनेने. कालामांना तथागतांनी सांगितले ते हेच होते. ऐकीव म्हणून मानू नका, मोठ्या माणसाने सांगितले म्हणून मानू नका, तपासा.

पण तपासणी तिथेच थांबली असती तर अर्धेच हाती लागले असते. केवळ कल्पनेने माणूस बेशुद्ध पडतो, तर कल्पनेत केवढी ताकद आहे! हा दुसरा अर्धा भाग ज्याने पुढे मांडला तो माणूस आपल्या शेजारचा, गोव्याचा. आबे फारिया. जन्म कांदोळी गावी, १७५६ साली. वडिलांबरोबर लहानपणीच पोर्तुगालला गेले, ख्रिस्ती धर्मगुरू झाले, पुढे पॅरिसला स्थायिक झाले. त्यांच्याबद्दल एक आख्यायिका गोव्यात अजून सांगतात. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन द्यायला उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. तेव्हा वडील कोकणीत हळूच म्हणाले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" समोर बसलेत ते दरबारी नाहीत, भाजी आहे, काप. आणि जीभ सुटली. खरे-खोटे कोण जाणे, पण मातृभाषेतले एक लहानसे वाक्य योग्य क्षणी कानी पडले तर काय होऊ शकते, हे त्या गोष्टीत आहे.

१८१३ पासून फारियांनी पॅरिसमध्ये व्याख्याने आणि प्रयोग सुरू केले. त्यांचे सांगणे सरळ होते. माझ्यातून कोणतीही शक्ती बाहेर येत नाही. जे घडते ते समोर बसलेल्या माणसाच्या स्वतःच्या मनात, त्याच्या एकाग्रतेने आणि अपेक्षेने घडते. १८१९ मध्ये ते वारले. पणजीत जुन्या सचिवालयाजवळ त्यांचा पुतळा आहे. सुट्टीत गोव्याला गेलात तर पाहून या. फारिया हात पसरून उभे आहेत आणि खाली एक स्त्री कोसळलेली आहे. शिल्पकाराचे कसब मान्य, पण पुतळा नेमके उलटे सांगतो. त्यांचे म्हणणे होते की ताकद त्या स्त्रीकडे आहे.

पुढे मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड या शल्यवैद्यांनी १८४३ च्या आपल्या पुस्तकात या अवस्थेला झोपेच्या ग्रीक शब्दावरून नाव दिले. त्यावरूनच आजचा हिप्नोसिस हा शब्द. नंतर त्यांच्याच लक्षात आले की ही झोप नव्हे, एकाच विचारावर खिळलेले मन आहे. त्यांनी नाव बदलायचा प्रयत्नही केला, पण पहिलेच नाव चिकटले आणि गैरसमजही चिकटला.

तर संमोहनाची तंद्री म्हणजे लक्ष एका ठिकाणी गोळा होणे, आजूबाजूचे मंद होणे आणि कानावर येणारी सूचना एरवीपेक्षा सहज आत शिरणे. आपण सगळे रोज त्याच्या आसपास जातो. मोटरवेवर विचारात गाडी चालवताना आपला एक्झिट मागे पडतो. सिनेमातली आई मरते आणि खिशातला रुमाल निघतो, ती नटी आहे हे माहीत असून. ही क्षमता सर्वांत सारखी नसते. काही थोडे लोक फार लवकर तंद्रीत जातात, काही थोडे जातच नाहीत, बाकीचे अधेमधे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ती मोजण्याच्या चाचण्या १९५९ पासून तयार झाल्या. तुम्हाला जमले नाही तर तुमची श्रद्धा कमी पडली असे कोणी म्हणाले, तर ऐकून घेऊ नका.

आता पाचवे शील. तंद्रीत माणूस ऐकत असतो, नको वाटले तर उठून जाऊ शकतो आणि नंतर बहुधा सगळे आठवते. ती दारू नव्हे. त्यामुळे शीलभंगाची भीती नको. पण चिठ्ठी लिहिणाऱ्याने बोट बरोबर जागेवर ठेवले आहे. पाचव्या शीलाचा गाभा प्रमाद आहे, सावधपणा सुटणे. सतिपट्ठानात भीती उठली तर आपण 'भीती उठली' एवढे जाणतो आणि तिच्याकडे पाहत राहतो. संमोहनात आपण पाहणाऱ्याला थोडा वेळ बाजूला बसवतो आणि एक वाक्य आत येऊ देतो. तथागतांनी स्मृतीला नगराच्या वेशीवरील शहाण्या द्वारपालाची उपमा दिली आहे. अनोळखी माणसाला तो अडवतो, ओळखीच्याला सोडतो. संमोहनात आपण द्वारपालाला म्हणतो, दहा मिनिटे बस. यातच त्याचा उपयोग आहे, धोकाही यातच आहे. म्हणून वेस उघडण्याआधीच ठरवायचे की कोणाला आत घेणार आहोत.

उपयोग कुठे होतो ते अनुभवाने आणि अभ्यासाने पुष्कळ स्पष्ट झाले आहे. पोटाचा एक चिवट विकार, इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, त्यावर मँचेस्टरमध्येच पीटर व्होरवेल यांनी संमोहनाचा प्रयोग केला आणि १९८४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेची मार्गदर्शिका सांगते की औषधांनी बारा महिन्यांत फरक पडला नाही तर संमोहनोपचाराचा विचार करावा. वेदना, प्रसूती, दाताच्या डॉक्टरची किंवा सुईची भीती, परीक्षेची किंवा मुलाखतीची धडधड यांतही अनेकांना मदत होते. सिगारेट सोडवण्याच्या जाहिराती मात्र जितक्या मोठ्या, तितका पुरावा भक्कम नाही. ज्याला भास होतात, आवाज ऐकू येतात, त्याने या वाटेला जाऊ नये. गंभीर नैराश्यात गोळ्या बंद करून संमोहन घेणे म्हणजे आगीशी खेळ. जीव नकोसा वाटत असेल तर कोणताही लेख वाचत बसू नका. जीपीला किंवा १११ ला फोन करा, समारिटन्सचा ११६ १२३ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

या सगळ्याला सुत्तांमध्ये काही आधार आहे का? संमोहन हा शब्द नाही, पण मनाला वळवण्याच्या युक्त्या आहेत. मज्झिम निकायातील विसावे सुत्त, वितक्कसंठान सुत्त, काढून वाचा. नको असलेले विचार वारंवार येत असतील तर काय करावे, याचे पाच उपाय तिथे आहेत. पहिला, लक्ष दुसऱ्या कुशल विषयाकडे नेणे. सुतार लहान खुंटीने मोठी खुंटी ठोकून बाहेर काढतो तसे. दुसरा, त्या विचाराचे दोष पाहणे. तिसरा, त्याच्याकडे लक्षच न देणे. चौथा, विचाराचा वेग टप्प्याटप्प्याने उतरवणे. शेवटी काहीच जमले नाही तर दात आवळून मनाने मनाला दाबणे.

चौथ्या उपायाची उपमा पाहा. झपाझप चालणाऱ्या माणसाला वाटते, इतके भरभर का चालतो? तो हळू चालतो. मग वाटते, चालतोच कशाला? तो उभा राहतो. मग बसतो, मग आडवा होतो. चांगला संमोहनोपचारक "एकेक पायरी खाली उतरा" म्हणतो तेव्हा तो जवळजवळ हीच वाट चालवत असतो, आणि त्यानंतर जी सूचना देतो ती सुताराची लहान खुंटी. फरक इतकाच की सुत्तात सुतार आपणच आहोत. हातोडी दुसऱ्याच्या हातात दिली तर खुंटी कोणती, हे आपल्याला माहीत हवे.

ताईंना ते माहीत नव्हते. मराठवाड्यात शिकलेल्या, इथे एका मोठ्या कंपनीत नोकरीला. कामात हुशार, पण मीटिंगमध्ये कोणी त्यांचे पूर्ण नाव घेऊन "आता तुम्ही बोला" म्हणाले की घसा बंद व्हायचा. बोलता येईना, कानशिले तापायची. भारतीय सहकारी समोर असले की जास्तच. इंटरनेटवर एक बाई सापडल्या, संमोहनाने मुळापर्यंत जाऊ म्हणाल्या. तिसऱ्या सत्रात त्या ताईंना 'मागे, आणखी मागे, जन्माच्याही मागे' घेऊन गेल्या. ताईंना दगडी वाडा दिसला, दागिने दिसले, समोर वाकलेली माणसे दिसली. मग बाईंनी सांगितले की पूर्वजन्मी तुम्ही सत्ता गाजवली, लोकांची तोंडे बंद केली, त्याचे फळ म्हणून या जन्मी तुमचा आवाज बंद झाला आहे. स्वीकारा म्हणजे मुक्त व्हाल.

हे वाचून तुमच्या पोटात ढवळले असेल. ढवळायलाच हवे. आपल्या आज्या-पणज्यांना गावकुसाबाहेर ठेवताना हेच वाक्य वापरले होते. मागच्या जन्मीचे पाप आहे, भोगा. तेच वाक्य इथे तासाला पाऊणशे पाऊंड घेऊन, मऊ खुर्चीत, मंद संगीत लावून पुन्हा विकले गेले आणि घेणारी बाबासाहेबांची लेक होती. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी आत्म्याचा संचार नाकारला आहे आणि पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीची गरिबी ठरते, या सिद्धांतावर तर थेट प्रहार केला आहे. दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकावी, याखेरीज या सिद्धांताचा दुसरा हेतू दिसत नाही, असे त्यांचे मत आहे.

मग ताईंना वाडा का दिसला? त्या खोटे बोलत नव्हत्या. तंद्रीत कल्पना चित्रासारखी स्पष्ट दिसते आणि आठवणीसारखी वाटते. संमोहनाने माणूस जास्त गोष्टी 'आठवतो' आणि त्यांबद्दल त्याची खात्री वाढते. पण त्या जास्त खऱ्या असतात असे नाही. म्हणूनच अमेरिकेतील अनेक राज्यांची न्यायालये संमोहनानंतर दिलेल्या साक्षीला मर्यादा घालतात. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ निकोलस स्पॅनोस यांनी पूर्वजन्माच्या आठवणींचा अभ्यास केला. पूर्वजन्मी माणसे कशी असत याविषयी आधी जो इशारा द्यावा, तसाच 'जन्म' लोकांना आठवे. एकाला तर आपण ज्युलिअस सीझर असल्याचे दिसले आणि साल विचारल्यावर त्याने इसवी सनापूर्वी ५० असे सांगितले! इसवी सन सुरू व्हायच्या आधी जगणाऱ्याला हे कसे कळले, याचा विचार वाचकांनीच करावा.

ताई माझ्याकडे आल्या तेव्हा सत्राला चार दिवस झाले होते आणि झोप उडाली होती. मी त्यांना जीपीकडे पाठवले, तिथून मानसशास्त्रज्ञाकडे. त्या मानसशास्त्रज्ञाने कुठेही मागे नेले नाही. फक्त विचारले, असे पहिल्यांदा कधी झाले? ताईंनी लगेच सांगितले, कारण त्या ते कधी विसरल्याच नव्हत्या. सातवीचा वर्ग. शाळेत कारकून यादी घेऊन यायचा आणि गुरुजी मोठ्याने म्हणायचे, "शिष्यवृत्तीवाले उभे राहा." मग एकेक पूर्ण नाव, आडनावासकट. बाकीचा वर्ग वळून पाहायचा. आपल्यापैकी किती जण त्या बाकावरून उठून उभे राहिलो आहोत, हे मी सांगायला नको. मूळ दगडी वाड्यात नव्हते, तिसऱ्या बाकावर होते.

त्यानंतरच्या उपचारात संमोहनही होते. याची गंमत वाटते मला. तीच तंद्री, पण आता वाक्य ताईंनी स्वतः तयार केले, मराठीत, जागेपणी, दोनदा खोडून. "माझे नाव घेतले की माझे पाय जमिनीवर आहेत." एवढेच. 'मला भीती वाटत नाही' असे नाही, कारण ते खोटे होते आणि मनाला खोटे कळते. काही महिन्यांनी घसा मोकळा होऊ लागला. पूर्ण नाही. अजूनही एखादे वेळी अडकतो, असे त्या सांगतात.

इथे एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे. जात ही मनाची अवस्था आहे, असे बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन' मध्ये म्हटले आहे. पण म्हणून ती डोळे मिटून बसल्याने जात नाही. ताईंच्या ऑफिसात एक सहकारी जेवणाच्या टेबलावर 'तुमचे गाव कोणते, आडनाव मूळचे काय' असे खोदून खोदून विचारत असे. त्यावर संमोहन हा उपाय नव्हे. त्यावर तारखा लिहून ठेवणे, युनियनशी बोलणे, लेखी तक्रार करणे हा उपाय. आपली भीती शांत करा आणि अन्याय तसाच ठेवा, असा सल्ला कोणताही उपचारक देत असेल तर तो पूर्वजन्मवाल्या बाईंचाच भाऊ समजा. ताईंनी दोन्ही केले. माझ्या मते त्यांचा घसा मोकळा होण्यात तक्रार अर्जाचा वाटा तंद्रीपेक्षा कमी नसावा.

कोणाकडे जायचे असेल तर आधी चौकशी करा. ब्रिटनमध्ये 'हिप्नोथेरपिस्ट' ही पाटी कोणीही लावू शकतो, त्या नावाला कायद्याचे संरक्षण नाही. म्हणून आधीपासून डॉक्टर, परिचारिका, दंतवैद्य किंवा नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञ असलेला माणूस पाहा. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या टॉकिंग थेरपीजकडे जीपीशिवाय स्वतःही नाव नोंदवता येते आणि दुभाषाही मागता येतो. पहिल्याच भेटीत विचारा: तुम्ही कोणत्या सूचना देणार? मला आधी वाचायला द्याल का? पूर्वजन्म, आत्मा, शाप, ग्रह यांचे नाव निघाले तर कोट उचला आणि बाहेर पडा. बाबासाहेब बुद्धांना मार्गदाता म्हणतात, मोक्षदाता नव्हे. खुद्द तथागतांनी जो अधिकार घेतला नाही, तो तासाच्या दराने कोणाला देऊ नका.

साध्या ताणासाठी घरीही थोडा सराव करता येतो. गाडी चालवताना किंवा मूल पाण्यात असताना नव्हे. आधी कागदावर एकच वाक्य लिहा, आपल्या घरच्या बोलीत, खरे असलेले, स्वतःबद्दलचे. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचा. द्वारपालाने त्यावर सही केली पाहिजे. मग खुर्चीत बसा, श्वासाकडे पाच मिनिटे लक्ष द्या, मनात दहा पायऱ्या उतरा, प्रत्येक पायरीला खांदे थोडे सैल. खाली पोहोचल्यावर ते वाक्य सावकाश तीन-चार वेळा म्हणा आणि ज्या प्रसंगाची भीती वाटते तो डोळ्यांपुढे आणा, फार जवळ नको. मग पायऱ्या मोजत वर या, डोळे उघडा, हातपाय हलवा. शेवटी दोन मिनिटे काहीच न करता फक्त पाहा, आता मनात काय आहे. हे शेवटचे सोडू नका. इथे द्वारपाल जागेवर परत येतो. डोके जड झाले, झोप आली, तर ते थीनमिद्ध आहे, तंद्री नव्हे. उठून तोंडावर पाणी मारा. जुनी जखम वर आली आणि छाती दाटली तर थांबा, ते काम एकट्याने करायचे नाही.

पुढच्या रविवारी वंदनेनंतर आपण वितक्कसंठान सुत्त एकत्र वाचणार आहोत. ताई येणार आहेत आणि पहिला परिच्छेद त्या मोठ्याने वाचणार आहेत. हे त्यांनीच मला काल फोनवर सांगितले. चिठ्ठी लिहिणाऱ्यानेही यावे. प्रश्नांचा डबा दाराशीच असेल, नाव घालायची सक्ती नाही.

जय भीम. नमो बुद्धाय.